डब्यातला टॅरेंटुला दिसेनासा होतो तेव्हा

झाकण जरासं सरकलेलं. आत नारळाच्या भुशाचा थर, पाण्याची उथळ वाटी, झाडाच्या सालीचा तुकडा सगळं जागच्या जागी, आणि कोळी गायब. टॅरेंटुला पाळणाऱ्यावर ही वेळ कधी ना कधी येऊ शकते. मग घरात पहिला प्रश्न निघतो, "आता तो कुणाला चावला तर?" प्रश्न साहजिक आहे, पण चिंता चुकीच्या जीवाची आहे. सुटलेल्या कोळ्यापासून घरच्यांना जेवढी भीती, त्याहून कितीतरी जास्त भीती कोळ्याला घरच्यांपासून असते. चप्पल, झाडू, झुरळांवर मारायचा फवारा आणि यवतमाळात राहत असाल तर मे महिन्याची तापलेली गच्ची, यांतल्या कशानेही त्याचा जीव जाऊ शकतो.

"टॅरेंटुला चावला की माणूस वाचत नाही" हा समज सगळ्यांत पक्का. प्रत्यक्षात या कुळातल्या कोळ्याच्या विषाने माणूस दगावल्याची एकही सिद्ध झालेली नोंद नाही, आणि जगात या कोळ्यांच्या हजाराहून अधिक जाती आहेत. 2012 च्या मे महिन्यात आसामातल्या सदिया भागात मोठ्या काळ्या कोळ्यांची अशी काही दहशत पसरली की देशभर बातम्या झाल्या. दोन मृत्यूंचं खापर कोळ्यांवर फुटलं. पण चावलेली माणसं आधी गावच्या वैदूंकडे नेली जात होती आणि तिथे ब्लेडने जखम चिरून रक्त काढलं जात होतं. मृत्यू विषानेच झाला, हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. साप-विंचवाच्या बाबतीत हा चिरण्या-चोखण्याचा प्रकार आपल्याकडेही परका नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

म्हणजे चावा अगदीच किरकोळ असतो का? तेही नाही. मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडच्या बहुतेक जातींचा चावा गांधीलमाशीच्या दंशासारखा दुखतो आणि निवतो. भारत आणि श्रीलंकेत झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या पोएसिलोथेरिया वंशाचं विष मात्र जोरकस असतं. चाव्यानंतर काही तासांनी स्नायूंना गोळे यायला लागतात, तेही कधी चाव्यापासून लांबच्या भागात, आणि ते पुढे कित्येक दिवस येत राहू शकतात. अशा वेळी जखम साबणाने धुवायची आणि दवाखाना गाठायचा. सर्पदंशावरच्या इंजेक्शनाचा इथे उपयोग नाही. वेदना आणि गोळे यांवरच उपचार होतात. घरात कुत्रा असेल तर त्याला त्या खोलीत फिरकू देऊ नका. ऑस्ट्रेलियातल्या टॅरेंटुलांच्या चाव्याने कुत्री मेल्याच्या नोंदी आहेत, माणसं मात्र तशाच चाव्यांतून बरी झाली आहेत.

केसांचीही एक गोष्ट सांगितली जाते, की नुसता हात लागला तरी अंगभर पुरळ उठतं. हे अमेरिका खंडातल्या अनेक जातींबाबत खरं आहे. त्या मागच्या पायांनी पोटावरचे बारीक काटेरी केस उडवतात, कातडीला खाज सुटते, आणि डोळ्यात गेले तर काम गंभीर होतं. आपल्याकडच्या टॅरेंटुलांना असे केस नसतात. ते धमकावतात पुढचे पाय उचलून, आणि तेवढ्याने भागलं नाही तर चावतात.

आणखी एक घोळ पावसाळ्यात दर वर्षी होतो. भिंतीवर पंजाएवढा कोळी दिसला की "टॅरेंटुला निघाला" म्हणून मोबाइलवर फोटो फिरतो. चपटा, लांब पायांचा, भिंतीवरून आडवा सुसाट धावणारा आणि कधी पोटाखाली पांढरी चकती धरलेला असा कोळी असेल तर तो टॅरेंटुला नव्हे. ती चकती म्हणजे अंड्यांची पिशवी, आणि तो कोळी घरातली झुरळं खाणारा आहे. टॅरेंटुला जाड अंगाचा, केसाळ, दमादमाने पाय टाकणारा. त्याचे सुळे खाली वळलेले असतात आणि एकमेकांना समांतर चालतात. घरातल्या साध्या कोळ्याचे सुळे चिमट्यासारखे समोरासमोर मिटतात. आता सुळे बघण्याइतकं जवळ कोण जाणार, हा भाग वेगळा.

आता हरवलेल्याचा शोध. तो मालकाला ओळखतो, आवाज दिला की येतो, सवयीच्या जागी परततो, असं मानणारे लोक आहेत. टॅरेंटुलाला आठ डोळे असूनही नजर अधू असते. तो जगतो पायांवरच्या केसांना जाणवणाऱ्या कंपनांवर. तुम्ही त्याच्या लेखी एक मोठा हादरा आहात. म्हणून शोधायचं ते रात्री, दिवे मालवून, टॉर्च जमिनीलगत धरून. अंधार, ओल आणि पाठीला आधार मिळेल अशा जागा आधी बघा: फ्रिजच्या मागे, कपाटाच्या तळाशी, धुण्याच्या ढिगात, बुटात, न्हाणीच्या दाराआड. हात घालून चाचपू नका. सापडला की वरून पारदर्शक डबा उपडा ठेवायचा, खालून जाड पुठ्ठा सरकवायचा, आणि सगळं जमिनीलगतच करायचं. त्याचं पोट इतकं नाजूक असतं की हात-दोन हात उंचीवरून पडला तरी फुटतं, आणि फुटलं की बहुधा संपलंच. हातावर घेऊन फोटो काढणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. सापडेपर्यंत घरात फवारा, उंदरांचे चिकट सापळे आणि झाडलोट बंद. आणि शेजाऱ्यांना सांगून टाका. लाज वाटते खरी, पण न सांगता तो शेजारच्या मोरीत निघाला तर त्याचं काय होईल हे वेगळं सांगायला नको.

घरात नर असेल तर पळून जाण्याची शक्यता जास्त. वयात आलेला नर खाणं कमी करतो आणि मादीच्या शोधात रात्ररात्र भटकतो. रानातही पावसाळ्याच्या सुमारास रस्त्यावर, ओसरीवर दिसणारे टॅरेंटुला पुष्कळदा असेच नर असतात. काचेवर चढणं त्यांना सहज जमतं, आणि नुसतं ठेवलेलं झाकण ते ढकलू शकतात. प्लास्टिकची जाळी कुरतडून वाट काढल्याचेही अनुभव आहेत. झाकणाला खिट्टी हवी, आणि हवेची छिद्रं कोळ्याच्या डोक्यापेक्षा लहान हवीत.

काही कोळी हरवतात ते डब्यातल्या डब्यातच. सकाळी बघावं तर कोळी उताणा, आठही पाय वर. घरातलं कुणी "मेला बिचारा" म्हणतं आणि त्याला कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकतं. तो मेलेला नसतो, कात टाकत असतो. अज्ञानापोटी जाणाऱ्या टॅरेंटुलांपैकी कितीजण असे गेले असतील, याचा विचार करवत नाही.

कात टाकण्याच्या आधी काही आठवडे तो खाणं सोडतो, सुस्तावतो. मग रेशमाची पातळ चटई विणतो आणि तिच्यावर पाठ टेकून निजतो. पाठीवरचं कवच कडेने उकलतं. त्यानंतर तासन्तास तो जुन्या पायांतून नवे पाय कणाकणाने ओढून काढत असतो, मध्ये थांबतो, परत ओढतो. नुसती बाहेरची साल नव्हे, सुळ्यांचं आवरण, घशाचं आणि फुप्फुसांचं अस्तरसुद्धा त्या कातीबरोबर निघतं. बाहेर आलेल्या कोळ्याचे सुळे पांढरे आणि मऊ असतात, त्यांनी काही फोडता येत नाही. या वेळी डब्यात टाकलेला रातकिडा तसाच राहिला असेल तर शिकारच शिकाऱ्याला खाऊ लागते. म्हणून न खाल्लेला किडा रोज काढून टाकायचा, आणि कात टाकल्यावर सुळे काळे होईपर्यंत, मोठ्या कोळ्याला आठ-दहा दिवस तरी, काही द्यायचं नाही. त्या अवस्थेत डबा हलवायचा नाही, फुंकर मारायची नाही, "मदत" तर मुळीच करायची नाही. तुटलेला पाय पुढच्या एक-दोन काती टाकताना परत येतो, घाईने ओढलेला जीव येत नाही. बाजूला पडलेली कात हुबेहूब कोळ्यासारखी दिसते, त्यामुळे डब्यात दुसरा कुठून आला म्हणून घाबरणारेही भेटतात. ती कात फेकू नका. मादीच्या कातीत बीजकोशाचं अस्तर दिसतं, त्यावरून नर-मादी कळते.

मरणारा कोळी बहुधा उताणा पडत नाही. तो सरळच असतो, पण पाय पोटाखाली गोळा होतात. त्याला पाय मिटायला स्नायू आहेत, पसरायला मात्र मुख्यतः शरीरातल्या द्रवाचा दाब लागतो. दाब गेला की पाय आपोआप आत वळतात. हीच खूण तहानेनेही दिसते, म्हणून पाय वळलेला कोळी पाहून लगेच आशा सोडू नये. त्याला अलगद उथळ पाण्याच्या काठाशी, तोंड पाण्याला टेकेल असं ठेवावं. काही तासांत कधी कधी पाय हळूहळू पसरतात.

आमच्या जिल्ह्यात ही तहान नेमकी मे महिन्यात गाठते. "टॅरेंटुला उष्ण देशांतला, त्याला ऊन काय करणार!" असं ऐकायला मिळतं. बिळातला कोळी उन्हाळा जमिनीच्या पोटात काढतो. तिथे 45 अंशांचा पारा पोहोचत नाही. टिनाच्या छपराखालच्या प्लास्टिकच्या डब्यात तो पोहोचतो, आणि डबा बिळासारखा खोलही नसतो. बहुतेक जातींना 25 ते 30 अंश मानवतात. कूलर असलेली खोली, माठाशेजारचा जमिनीलगतचा कोपरा, वाटीत कायम पाणी, हे जमत नसेल तर यवतमाळात टॅरेंटुला घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. खिडकीत तर डबा कधीच नको.

खाद्याचं तसंच. कपाशीत नाकतोडे फुकट मिळतात, ते का टाकू नयेत? हा विचार इथे फार महाग पडू शकतो. 2017 च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला. जे औषध माणसाला आडवं करतं त्याचा कीटकाच्या अंगावर उरलेला अंश कोळ्याला पुरेसा आहे. खाद्य घरी वाढवलेलंच हवं, आणि फवारणीच्या कपड्यांनी डब्याला हातही लावू नये. खर्च मात्र फारसा नाही: मोठ्या कोळ्याला आठवड्यातून एखाद-दुसरा किडा पुरतो, आणि महिनाभर खाल्लं नाही म्हणून तो मरत नाही.

खर्च आहे तो वर्षांचा. पुष्कळ जातींची मादी वीस वर्षं आणि त्याहूनही जास्त जगते. नर वयात आला की बहुधा वर्ष-दीड वर्षात संपतो. दहावीतल्या मुलाने हट्टाने आणलेली मादी त्याचं कॉलेज, नोकरी, लग्न सगळं बघणार, आणि मधल्या काळात तिचं पाणी आईला बघावं लागणार. नराच्या बाबतीत उलट: आजार नाही, चूक नाही, तरी तो एक दिवस जातो, आणि पाळणारा स्वतःला दोष देत बसतो. घेतानाच नर की मादी हे विचारलं असतं तर हे दुःख निदान अनपेक्षित ठरलं नसतं.

"कोळ्याला कसला आलाय कायदा?" या समजाचं उत्तर जरा तपशिलात द्यायला हवं. आंध्र प्रदेशातल्या गुत्ती इथल्या रेल्वे यार्डात सापडलेल्या एका निळ्याशार टॅरेंटुलाचं वर्णन ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी 1899 मध्ये केलं. नंतर शंभर वर्षं तो कुणाला दिसला नाही. 2001 मध्ये नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात तो पुन्हा सापडला. आज तो अतिसंकटग्रस्त जातींत आहे, आणि तरीही परदेशातल्या छांदिष्टांच्या घरांत मात्र भरपूर आहे. हा ज्या पोएसिलोथेरिया वंशातला, तो अख्खा वंश 2019 मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती होऊन साइट्समधल्या प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली, आणि 2024 च्या नियमांनुसार असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करायची असते. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याकडे गेला, तर तेही कळवायचं.

पोस्टाने परदेशातून मागवणं हा तर उघड गुन्हा. 2020 च्या जुलैमध्ये चेन्नईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून आलेलं एक पार्सल उघडलं. आत चिमुकल्या कुप्यांमध्ये, कापूस आणि चंदेरी कागदात गुंडाळलेले 107 जिवंत कोळी निघाले. आयातीचा परवाना नव्हता, आरोग्याची कागदपत्रं नव्हती. पार्सल परत पाठवायचं ठरलं.

मग विकत घेण्यापेक्षा टिपेश्वरच्या जंगलातलं एखादं बीळ खणून काढावं, असाही सल्ला कुणी देईल. अभयारण्यातून कुठलाही वन्यजीव विनापरवाना उचलता येत नाही, आणि कायद्याच्या व्याख्येत बिनकण्याचे प्राणीही आले. शिवाय या कोळ्यांची नीट ओळखही अजून पूर्ण झालेली नाही: मुंबईच्या आरे कॉलनीतल्या एका टॅरेंटुलाला शास्त्रीय नाव मिळालं तेच मुळी 2014 मध्ये. विदर्भातल्या कोळ्यांवर दर्यापूरच्या जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालयात संशोधन चालतं. आवड खरी असेल तर बीळ खणण्यापेक्षा तिथल्यासारख्या अभ्यासकांकडून बीळ बघायला शिकावं.

कंटाळा आला, बदली झाली, घरचे वैतागले, की "सोडून देतो रानात" हे वाक्य येतं, आणि त्याला भूतदया म्हटलं जातं. अमेरिकेतल्या फ्लोरिडात मेक्सिकोकडचा एक टॅरेंटुला असाच माणसांमुळे पोहोचला आणि 1996 मध्ये लिंबूवर्गीय फळांच्या बागांजवळ तो वस्ती करून असल्याचं लक्षात आलं. इथे सोडलेला परका कोळी बहुधा पहिल्याच उन्हाळ्यात मरेल. न मेला तर इथल्या कोळ्यांच्या वाट्याला जाईल, सोबत आणलेले जंतू आणि परजीवी वेगळेच. नको झालेला कोळी जाणकार पाळणाऱ्याकडे, नोंदणी लागणारा असेल तर कागदपत्रांसह द्यावा. तसा कुणी मिळत नसेल, किंवा घरात कुणाचा कोण हे न कळणारा टॅरेंटुला निघाला, तर वन विभागाचा 1926 हा क्रमांक आहे. फोन करेपर्यंत त्याच्यावर उपडा डबा ठेवावा, वर वीट ठेवावी, आणि डबा सावलीत असेल एवढं पाहावं.