सैल दोरीची तालीम : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

भोर घाटाच्या पायथ्याशी, उल्हास आणि पाताळगंगा यांच्या खोऱ्यांत वसलेल्या कर्जत व खालापूर तालुक्यांत मुंबईकरांनी जी फार्महाऊसे उभारली, त्यांच्या फाटकांतून शनिवार-रविवारी सकाळी पुष्कळदा कुत्रा पुढे, दोरी ताठ आणि धनी मागे ओढला जात असलेला, अशी मिरवणूक निघते. या प्रकाराची जी कारणे आणि जे उपाय सर्रास सांगितले जातात, त्यांतील बरेचसे ऐकीव आहेत. सबब त्यांची एकेक करून छाननी करणे इष्ट.

गैरसमज : ओढणारा कुत्रा धन्यावर हुकमत गाजवू पाहतो.

वस्तुस्थिती : या समजुतीचे मूळ श्वानांत नसून लांडग्यांत आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणावरून कळपातील वर्चस्वाच्या झगड्याचे वर्णन केले आणि डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या ग्रंथाने त्या कल्पनेचा प्रसार झाला. परंतु त्याच मेक यांनी रानातील मोकळे लांडगे वर्षानुवर्षे पाहिल्यानंतर १९९९ साली असे प्रतिपादन केले की, नैसर्गिक कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिले यांचे कुटुंबच असते. कुत्र्याच्या ओढण्याचे कारण याहून पुष्कळ साधे आहे : त्याची स्वाभाविक चाल माणसाहून जलद असते, पुढच्या झुडपाचा गंध त्याला खुणावतो, आणि ओढले असता तेथवर पोहोचता येते. ज्या कृतीचे फळ सुखद, ती पुन्हा घडते, हा एडवर्ड थॉर्नडाइक यांचा सिद्धांत येथे तंतोतंत लागू पडतो.

गैरसमज : गळ्याला झटका दिल्याखेरीज कुत्रा वळणावर येत नाही.

वस्तुस्थिती : कुत्र्याच्या गळ्यात श्वासनलिका, मोठ्या रक्तवाहिन्या आणि अवटुग्रंथी असतात. गळपट्ट्याने मानेवर दाब पडला असता डोळ्यांतील दाबही वाढतो आणि छातीच्या हार्नेसने तसा वाढत नाही, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आढळले. शिवाय झटक्याने काय करू नये एवढेच फार तर कळते. काय करावे हे कळत नाही. समोरून दुसरा कुत्रा येत असतानाच वारंवार झटका बसला, तर त्या वेदनेचा संबंध त्या कुत्र्याशी जोडला जाऊन भीती आणि भुंकणे वाढण्याचा संभव असतो.

गैरसमज : उत्तम हार्नेस विकत घेतला की काम फत्ते.

वस्तुस्थिती : हार्नेस गळा वाचवतो, शिकवत नाही. दोरी छातीपुढच्या कडीला अडकवल्यास ओढणारा कुत्रा बाजूला वळतो आणि धन्याचे बळ वाचते, इतकेच. खरी तालीम अशी : साधारण सहा फुटांची साधी दोरी घ्यावी, दोरी ताठ होताच जागच्या जागी थांबावे, कुत्र्याने मागे वळून ती सैल केली की तत्काळ चालू लागावे, आणि तो पायाशी चालत असतानाच त्याला खाऊचा लहानसा तुकडा द्यावा. प्रारंभ अंगणात करावा, मग फाटकाबाहेर आणि सर्वांत शेवटी बाजारात. धडे लहान असावेत. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी या शिक्षणास अपायकारक होय, कारण तिच्यात सदैव थोडा ताण असतो आणि ओढल्यावर ती लांबत जाते.

गैरसमज : साखळीला बांधून ठेवलेला कुत्रा दोरीला आपोआप सरावतो.

वस्तुस्थिती : अशा कुत्र्याला सराव होतो तो साखळीच्या टोकाशी झगडण्याचा. शिवाय अंगात साठलेली चलबिचल तो फिरण्याच्या वेळी बाहेर काढतो, हे वेगळेच. प्राण्यास अवाजवी काळ आखूड वा जड साखळीने बांधून ठेवणे हे १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ अन्वये क्रौर्य ठरते, हेही फार्महाऊसच्या मालकांनी विसरू नये.

गैरसमज : गावठी किंवा वयस्क कुत्र्याला हे जमत नाही.

वस्तुस्थिती : शिकण्याचे नियम जातिवंतास एक आणि गावठ्यास दुसरा, असे नाहीत. मोकळा वाढलेला कुत्रा दोरीला प्रथम बिचकतो आणि वयस्काची जुनी खोड मोडण्यास अवधी लागतो, एवढेच.

गैरसमज : मोकळ्या रानात दोरीचे प्रयोजन काय?

वस्तुस्थिती : या रानात शेतकऱ्यांच्या शेळ्या-कोंबड्या चरतात, गवतात फुरसे आणि घोणस असतात, डोंगरउतारावर बिबट्याचा वावर असतो. मोटारींना मज्जाव असलेल्या माथेरानातही घोडे आणि माकडे पावलोपावली भेटतात. आणि बिथरलेल्या घोड्यावरून स्वार पडला, तर कुत्रा खेळकर होता हा खुलासा कोणाच्या उपयोगाचा नाही. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसांस धोका होऊ नये एवढी खबरदारी घेण्यात कसूर करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली अपराध आहे.

या तालुक्यांपुरती एक अडचण मात्र विशेष आहे. धनी शनिवार-रविवारी थांबण्याचा नियम कसोशीने पाळतो; परंतु उरलेले पाच दिवस दोरी राखणदाराच्या हाती असते, आणि त्याला हा नियम कोणी सांगितलेलाच नसतो. अधूनमधून फळ मिळणारी सवय ही नेहमी फळ मिळणाऱ्या सवयीपेक्षा अधिक चिवट असते, हे प्राणिमानसशास्त्रात प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. म्हणजे अर्धवट पाळलेल्या नियमाने ओढण्याची खोड सुटत नाही, उलट मुरते. म्हणून तालमीची पहिली तजवीज ही की, घरातील मंडळी आणि राखणदारदादा या सर्वांनी एकत्र बसून एकच नियम ठरवावा. तो हातागणिक बदलत राहिला, तर त्याचा दोष कुत्र्याच्या माथी मारता येणार नाही.