वजनकाट्याला न दिसणारी चरबी

माझ्या मामांना 52व्या वर्षी हार्ट अटॅक आला, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण एकच बोलायचा, ‘‘इतका काटक माणूस, आणि त्याला?’’ उंची पाच फूट पाच इंच, वजन 58 किलो. संशय होता तो फक्त त्यांच्या शिंप्याला. तो कैक वर्षं कुरकुरत होता, ‘‘दादा, हातपाय पोराचे आणि पोट शेटजीचं. शर्ट बसवायचा कुठून?’’

तेव्हापासून मी या पोटाच्या नादी लागलो. वाचता वाचता एक फोटो सापडला, आणि आजही भेटेल त्याला मी तो मोबाइलवर दाखवत असतो. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेला. शेजारी शेजारी दोन डॉक्टर उभे: पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3. मात्र अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! खालचा मजकूर तर खासच. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांची धाव रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी आत शिरण्यापुरती, असं लेखकांनीच लिहिलंय. स्वतःला असं उघडं करून दाखवणारा शास्त्रज्ञ मला फार आवडतो.

त्याच मजकुरात आणखी एक गोष्ट आहे. याज्ञिक जन्मले तेव्हा त्यांचं वजन कमी होतं. ही वाट थेट पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जाते. तिथे 1993 पासून त्यांच्या गटाने गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं लहानखुरी, स्नायूंनी कमी; पण पाठीवरच्या चिमटीत येणारी चरबी बरीचशी टिकून राहिलेली. बारीक दिसणारा लठ्ठपणा पाळण्यातच सुरू होतो म्हणायचा.

पोटातली चरबी गप्प बसत नाही. तिच्यातली स्निग्धाम्लं यकृताकडे जातात, इन्सुलिनचं ऐकलं जाईनासं होतं. मग ट्रायग्लिसराइड वाढतं, चांगलं म्हणतात ते एचडीएल उतरतं, एलडीएलचे कण बारीक आणि घट्ट होतात. शुगर आणि बीपीही मागोमाग येतात. या टोळक्याला अमेरिकेच्या जेरल्ड रीव्हन यांनी 1988 मध्ये ‘सिंड्रोम एक्स’ म्हटलं. आज मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. सिगारेट, वय, घराण्यातला हृदयविकार, ताण ही कारणं आहेतच. 52 देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने ती सगळी मोजली. त्यात दक्षिण आशियाई माणसाला पहिला अटॅक साधारण 53व्या वर्षी, बाकीच्यांना 59च्या आसपास आलेला दिसला. मामा जवळपास वेळेवरच होते!

माझं खरं भांडण स्टेंटनंतरच्या निश्चिंतीशी आहे. मामी म्हणायच्या, ‘‘नळी मोकळी झाली, सुटलो.’’ अहो, स्टेंट एक जागा उघडतो. रक्त तेच राहतं. एकदा अटॅक येऊन गेलेल्याचं एलडीएल निदान 70च्या खाली हवं, युरोपातले डॉक्टर तर 55 म्हणतात. मामांनी सहा महिन्यांत गोळी सोडली होती, ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून. नॉर्मल आला होता तो गोळीमुळेच! डॉक्टरांनी ती पुन्हा सुरू केली. मामा आज 67 वर्षांचे आहेत आणि फराळाच्या ताटात चकली मोजून घेतात. दोन.

फराळ संपल्यावर शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. आपल्याकडे पुरुषांसाठी मर्यादा 90 सेंटिमीटर, बायकांसाठी 80. पँटच्या नंबरावर विसंबू नका. पँट आपण पोटाच्या खाली बांधतो.