गांधीलमाशीच्या घराची खूण

परगावाहून रात्री घरी परतताना आपल्याला कोणाला वाट विचारावी लागत नाही. वळणावरचा पिंपळ, पलीकडची विहीर अशा ओळखीच्या खुणा दिसल्या की पावले आपोआप घराकडे वळतात. पण एवढ्याशा कीटकाला अशी खूण ध्यानात ठेवता येत असेल काय?

हॉलंडमधील निको टिनबर्गेन या तरुण शास्त्रज्ञाला हाच प्रश्न पडला. १९२९ साली उन्हाळ्यात हुल्सहोर्स्ट येथील वालुकामय माळावर त्याला एका जातीच्या गांधीलमाश्यांची वस्ती आढळली. या जातीची मादी वाळूत बीळ खणते, मधमाशीला नांगी मारून लुळी करते आणि तिला उचलून बिळात आणते. तीच तिच्या पिलांची शिदोरी. माळावर अशी बिळे कितीतरी; शिवाय बाहेर जाताना ती आपल्या बिळाचे तोंड वाळूने बुजवून टाकते! तरीही शिकार घेऊन आलेली माशी नेमकी आपल्याच दारी उतरते.

टिनबर्गेनने माश्यांवर रंगाचे ठिपके देऊन त्यांची ओळख पटविली व तो तासन् तास पाहत बसला. बिळाबाहेर पडलेली माशी लगेच दूर जात नसे. घराभोवती काही क्षण घिरट्या घालून मगच ती निघून जाई. ती आसपासचा देखावा मनात साठवीत असावी, असे त्याला वाटले.

मग त्याने एक युक्ती केली. माशी आत असताना बिळाभोवती पाइन वृक्षाच्या वाळक्या, शंकूच्या आकाराच्या फळांचे कडे मांडले. माशी बाहेर आली, घिरट्या घालून शिकारीस गेली. तिच्या माघारी त्याने ते कडे सुमारे एक फूट बाजूला सरकविले. माशी परतली ती थेट कड्याच्या मध्यभागी! बिचारी तेथे पुनःपुन्हा शोधू लागली; खरे घर हाताच्या अंतरावर असूनही तिला सापडेना. फळे पूर्ववत मांडताच मात्र ती आपल्या बिळात शिरली.

कोणी म्हणेल, तिला फळांचा वास येत असेल. टिनबर्गेनलाही ही शंका आलीच. म्हणून त्याने पाइनच्या तेलाचा वास दिलेले तुकडे बिळाजवळ ठेवले व फळे तेवढी दूर नेली. माशी वासाकडे न जाता फळांकडेच गेली. पुढे त्याने त्याच फळांचा त्रिकोण केला आणि शेजारी दगडांचे वर्तुळ मांडले. माशी उतरली ती दगडांच्या वर्तुळात. तिने फळे नव्हे, तर त्यांची मांडणी ध्यानात ठेवली होती.