प्लायवूडची आयात : भारत, चीन आणि आपला बांध

सातिवली, वालीव या वसई पूर्वेच्या औद्योगिक पट्ट्यात फर्निचर तयार करणारे गाळे आहेत. तेथे लागणारे प्लायवूड, एमडीएफ व पार्टिकल बोर्ड बाहेरून येते. आपल्या बांधावरच्या झाडाला मात्र बहुधा जळाऊ लाकडाचाच भाव मिळतो. असे का होते, हे समजण्यासाठी भारत व चीन या दोन देशांची आयात शेजारी ठेवून पाहणे उपयोगी ठरते.

1990 नंतरच्या काही वर्षांत चीन हा प्लायवूडचा मोठा आयातदार होता. इंडोनेशियाने 1985 पासून ओंडक्यांची निर्यात बंद करून प्लायवूड विकण्यास सुरुवात केली होती; त्याचे चीन हे एक मोठे गिऱ्हाईक. 1998 च्या यांगत्से नदीच्या महापुरानंतर चीनने नैसर्गिक जंगलातील तोडीवर कडक बंधने घातली. आयात आणखी वाढेल असे वाटावे, पण 2001 च्या सुमारास प्लायवूडची निर्यातच आयातीपेक्षा जास्त झाली. मैदानी भागातील शेतकऱ्यांनी लावलेला पॉपलर हे त्याचे एक मोठे कारण होय. गावोगावी छोटी यंत्रे बसली. ओंडका फिरवून पात्याने त्याचे पातळ पापुद्रे सोलायचे, उन्हात वाळवायचे आणि कारखान्यास द्यायचे, असा तो धंदा.

येथे एक सावधगिरी बाळगावी. चीनची प्लायवूडची आयात घटली, पण ओंडक्यांची वाढली. त्यामुळे नुसता बोर्डाचा आकडा पाहून देश स्वयंपूर्ण झाला असे म्हणता येत नाही. तसेच तुलना रुपयांत न करता घनमीटरमध्ये करावी. 1991 च्या अवमूल्यनासारख्या घटनेने रुपयांतील आकडा माल न वाढताही फुगतो.

भारतात तयार बोर्डावर पूर्वी जबर आयातशुल्क होते, ओंडक्यांवर कमी. म्हणून आपण मुख्यतः ओंडके आणले. 12 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने आसाम-अरुणाचलातील अनेक प्लायवूड गिरण्या बंद पडल्या. पुढे म्यानमारनेही 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात थांबविली. मधल्या काळात शुल्क उतरल्याने तयार एमडीएफ व पार्टिकल बोर्डही येऊ लागले. तरीही यमुनानगरचे कारखाने शेतकऱ्यांच्या पॉपलर-निलगिरीवर व पेरुंबावूरचे रबराच्या लाकडावर उभे राहिले. शेतकऱ्याचा माल आणि कारखाना जवळजवळ आले तेथेच हे जमले. केवळ रोपे वाटून जमत नाही.

कोकणातील वरकस जमिनीत मलबार नीम हे सोलण्याजोगे लाकूड सहा-सात वर्षांत मिळू शकते. खोड सरळ राहावे म्हणून पहिली दोन वर्षे बाजूच्या फांद्या वेळीच छाटाव्यात. पाणी साचणाऱ्या खाजणात हे झाड लावू नये. एमडीएफ व पार्टिकल बोर्डासाठी बारीक लाकूडही चालते, परंतु ते वजनावर विकले जाते व भाडे फार खाते. म्हणून लागवडीपूर्वी खरेदीदार किती अंतरावर आहे, तो किती घेराचे खोड घेतो आणि तोड व वाहतुकीस कोणता परवाना लागतो, याची चौकशी करावी. पहिल्या वर्षी बांधावर पन्नास-साठ रोपे लावून पाहावीत.