पडद्याचा भार आणि भिंतीचे बळ

सपाट पडद्याचा दूरचित्रवाणी संच निवडताना पडद्याचा आकार, चित्राची स्पष्टता आणि किंमत यांचा बारकाईने विचार होतो. तो संच कशावर उभा राहणार किंवा कशाला टांगला जाणार, हा प्रश्न मात्र बहुधा जोडणीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने ड्रिल हातात घेतल्यावरच उपस्थित होतो. वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर संचापेक्षा घराच्या भिंतीवर अधिक अवलंबून असते, आणि म्हणून निवडीचा आरंभ भिंतीपासून व्हायला हवा.

काचेच्या चित्रनलिकेचा जुना संच जड होता, पण त्याची खोली जवळजवळ अर्धा मीटर असल्यामुळे त्याचा पायाही तेवढाच रुंद असे. सपाट संचाचे वजन घटले आणि त्याबरोबर हा पायाही गेला. वस्तू उलटेल की नाही हे तिच्या नुसत्या वजनावर ठरत नाही. तिचा गुरुत्वमध्य, म्हणजे जिथे तिचे सारे वजन एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, किती उंचीवर आहे आणि पायाच्या कडेपासून किती आत आहे, यावर ते ठरते. ४३ इंची संच साधारण ८ किलोचा, पायांसह सुमारे ६० सेंटिमीटर उंच आणि त्याच्या पायांची खोली २० सेंटिमीटर आहे असे धरले, तर गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून अवघा १० सेंटिमीटर आत येतो. अशा संचाची वरची कड पुढे ओढण्यासाठी लागणारे बल काढायचे झाल्यास ८ किलो वजनाला १० ने गुणून ६० ने भागावे लागते आणि उत्तर येते सुमारे १.३ किलो वजनाइतके. उभे राहायला शिकलेले मूल आधारासाठी याहून कितीतरी अधिक जोराने ओढते. संचाखाली खणांचे कपाट असेल आणि मूल उघड्या खणांवर पाय देऊन चढत असेल, तर कपाटासकट संच अंगावर येण्याचा धोका असतो. तेव्हा टेबलावर ठेवलेला संच सुरक्षित आणि भिंतीवरचा धोक्याचा, हा समज खरा नाही. लहान मुले असलेल्या घरात संचाच्या पाठीमागच्या छिद्रांतून नायलॉनचा मजबूत पट्टा घेऊन तो भिंतीला किंवा जड, स्वतः भिंतीला जखडलेल्या कपाटाला बांधणे अत्यावश्यक मानले पाहिजे.

भिंतीवरच्या आधाराचे, म्हणजे वॉल माउंटचे, तीन प्रकार प्रचलित आहेत: संच भिंतीलगत बसवणारा स्थिर ब्रॅकेट, संच थोडा खाली झुकवू देणारा ब्रॅकेट आणि सांध्यांच्या हातावर संच पुढे ओढून डावीउजवीकडे फिरवू देणारा ब्रॅकेट. दुकानात यांतील फरक सोयीचा म्हणून सांगितला जातो. भिंतीच्या दृष्टीने तो आघूर्णाचा आहे. बल आणि ते टेकूपासून जितक्या अंतरावर काम करते ते अंतर यांच्या गुणाकाराला आघूर्ण म्हणतात. पाण्याने भरलेली बादली अंगालगत धरली असता पेलते, पण हात समोर ताठ करून तीच धरली की खांदा भरून येतो, तो याच कारणाने. ब्रॅकेटसह २० किलोचा संच भिंतीपासून ५ सेंटिमीटरवर असेल आणि भिंतीवरच्या पट्टीच्या वरच्या व खालच्या स्क्रूंमध्ये २० सेंटिमीटर अंतर असेल, तर वरच्या स्क्रूंना भिंतीबाहेर खेचणारा ताण सुमारे ५ किलो वजनाइतका येतो. तोच संच लांब हातावर ५० सेंटिमीटर पुढे ओढला की हा ताण दहापट, म्हणजे ५० किलो वजनाइतका होतो. याखेरीज संचाचे वजन स्क्रूला खालच्या दिशेने आडवे दाबत असते, त्याला कर्तनबल म्हणतात. पोलादी स्क्रू कर्तनबल सहज सोसतो; तो सैल होऊन बाहेर येतो तो खेचणाऱ्या ताणाने, आणि तेही स्क्रू तुटल्यामुळे नव्हे, तर भिंतीने त्याला सोडल्यामुळे. ब्रॅकेटच्या खोक्यावर छापलेली वजनमर्यादा पोलादाची असते. भिंतीविषयी ते खोके काहीही सांगू शकत नाही.

भिंतीत स्क्रू धरून ठेवणाऱ्या प्लगचा इतिहास म्हणूनच महत्त्वाचा आहे. पूर्वी भिंत फोडून तिच्यात लाकडी गिट्टी बसवत आणि तीत स्क्रू पिळत. लाकूड पावसाळ्यात फुगे, उन्हाळ्यात आकसे आणि गिट्टी सैल होई. १९१० च्या दशकारंभी जॉन जोसेफ रॉलिंग्ज या ब्रिटिश कंत्राटदाराने ज्यूटच्या तंतूंचा प्लग तयार केला, आणि आपल्याकडचे वायरमन आजही ‘रावल प्लग’ म्हणतात ते त्याच्याच नावावरून. १९५८ मध्ये जर्मनीतील आर्टुर फिशर यांनी नायलॉनचा प्लग आणला. स्क्रू आत शिरताच हा प्लग फाकतो, छिद्राच्या कडांवर दाब देतो आणि त्या दाबातून उपजणारे घर्षण त्याला जागेवर ठेवते. अर्थात हे घडायचे तर छिद्राच्या कडांनी तो दाब सोसला पाहिजे, आणि इथेच भिंतीभिंतींतला फरक निर्णायक ठरतो.

काँक्रीटची भिंत, मग ती खांबतुळईची असो वा अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या नव्या टॉवरमधली, हा दाब उत्तम सोसते. तिच्यात फाकणारा पोलादी अँकरही चालतो. भाजक्या विटेची भिंतही पुरेशी आहे, मात्र छिद्र विटेच्या मध्यावर पडावे, दोन विटांमधल्या सांध्यात नव्हे. पुण्यामुंबईच्या अनेक इमारतींत आतल्या भिंती आता एएसी ठोकळ्यांच्या असतात, ज्यांना पुष्कळजण सिपोरेक्स म्हणतात. स्वीडनमध्ये १९२० च्या दशकात योहान अॅक्सेल एरिकसन यांनी विकसित केलेल्या या पदार्थात चुन्याशी अॅल्युमिनियमच्या भुकटीची अभिक्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो, त्याच्या बुडबुड्यांनी मिश्रण फुगते आणि नंतर ते दाबाखालच्या वाफेत पक्के केले जाते. परिणामी ठोकळा विटेच्या साधारण एक तृतीयांश घनतेचा होतो, जे इमारतीच्या पायासाठी आणि उष्णतारोधासाठी उत्तम, पण प्लगसाठी अवघड आहे. फाकणारा पोलादी अँकर त्याच्या पोकळ्यांच्या पातळ भिंती चुरडून टाकतो. अशा ठोकळ्यात हातोड्याचा ठोका बंद ठेवून नुसत्या फिरत्या ड्रिलने छिद्र पाडावे आणि त्यासाठीच बनवलेले लांब नायलॉनचे प्लग किंवा छिद्रात राळ भरून बसवायचे रासायनिक अँकर वापरावेत. जिप्समच्या पोकळ पार्टिशनवर संच टांगायचा असेल, तर भार आतल्या धातूच्या चौकटीवर किंवा मागे बसवलेल्या जाड प्लायवर गेला पाहिजे. कोकणातल्या चिऱ्याच्या भिंतीचा कस चिऱ्यागणिक बदलतो आणि वाड्यांच्या मातीच्या भिंतीत प्लगला पकडच मिळत नाही. तिथे स्टँड हाच शहाणपणाचा पर्याय आहे.

सगळ्या भिंतींना लागू पडणारी एक गोष्ट गिलाव्याची. आतला गिलावा सहसा १२ ते १५ मिलिमीटर जाड असतो आणि त्याला ताण सोसण्याचे बळ जवळपास नसते. म्हणून प्लगची लांबी गिलाव्याच्या मागे असलेल्या वीट-काँक्रीटपासून मोजावी. संचासोबत मिळालेले आखूड प्लग पुष्कळदा निम्मे गिलाव्यातच राहतात. मुंबई-कोकणात पावसाचा मारा घेणाऱ्या बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल, तर तिथे स्क्रू गंजतात आणि संचालाही दमटपणा बाधतो. ती भिंत टाळावी. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली, तसेच न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीत छिद्र पाडण्यापूर्वी वायरी व नळ कुठून गेले आहेत याची खात्री करून घ्यावी.

संच आणि ब्रॅकेट एकमेकांस जुळतील का, हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. व्हिडिओ इलेक्ट्रॉनिक्स स्टँडर्ड्स असोसिएशन या संस्थेच्या आद्याक्षरांवरून ‘व्हेसा’ म्हणून ओळखले जाणारे प्रमाण पाठीवरच्या चार छिद्रांतील आडवे व उभे अंतर मिलिमीटरमध्ये सांगते, जसे २०० गुणिले २००. संच व ब्रॅकेट दोहोंवर हा आकडा पाहावा.

उंचीच्या बाबतीत मात्र घरोघरी चूक होते. सोफ्यावर बसलेल्या प्रौढाचे डोळे जमिनीपासून सुमारे १०० ते ११० सेंटिमीटरवर आणि सतरंजीवर बसलेल्याचे ७० ते ८० सेंटिमीटरवर असतात. पडद्याचा मध्य या उंचीच्या आसपास असावा. माणसाची नजर स्वभावतः किंचित खाली वळते, आणि सुमारे ५ किलोचे डोके तासन्‌तास मागे कलते ठेवणे मानेच्या स्नायूंना जाचक होते. दाराच्या वर, जवळजवळ छताला टेकवलेला संच खोलीत ऐटबाज दिसला तरी पाहणाऱ्याला त्रासाचाच आहे. शिवाय बऱ्याच एलसीडी पडद्यांवर खालून पाहताना काळा रंग फिका पडतो. उंची टाळता येत नसेल तेव्हाच झुकणारा ब्रॅकेट घ्यावा.

बहुसंख्य घरांसाठी भिंतीलगतचा स्थिर ब्रॅकेट हाच योग्य, आणि लांब हाताचा ब्रॅकेट काँक्रीट किंवा चांगल्या विटेच्या भिंतीवरच न्याय्य आहे. भाड्याच्या घरात, जिथे छिद्रांना मनाई असते, रुंद व जड तळाचा स्टँड घ्यावा. परंतु भिंत कशाची आहे हेच रहिवाशाला ठाऊक नसेल, तर हा सारा विचार व्यर्थ जातो. सदनिकेचा ताबा देताना प्रत्येक विकासकाने कोणती भिंत काँक्रीटची, कोणती एएसीची आणि कोणत्या भिंतीतून वायरी व नळ गेले आहेत हे दाखवणारा साधा नकाशा किल्लीसोबत द्यावा, आणि गृहनिर्माण संस्थांनी तो मागून घ्यावा.