लेन मोकळी, गाडी भरलेली
अमेरिकेत वॉशिंग्टनला जाणाऱ्या शर्ली हायवेवर १९६९ मध्ये फक्त बससाठी वेगळी लेन सुरू झाली. १९७३ च्या अखेरीस ती किमान चौघे बसलेल्या मोटारींनाही खुली केली. पुढे अट तिघांवर आली.

मग लोकांनीच भन्नाट वाट काढली! उपनगरांत ठरावीक जागी ऑफिसला निघालेली माणसं रांग लावतात. मोटारवाला येतो, ठिकाण सांगतो, दोन अनोळखी प्रवासी घेतो आणि थेट वेगवान लेनमध्ये शिरतो. पैशांची देवघेव नाही. एकाचा वेळ वाचतो, दुसऱ्याचं भाडं. मला हे फार आवडतं, कारण अशी लेन वाहनं नव्हे, माणसं मोजते. २०१९ पासून तिथे एकट्यालाही जाता येतं, पण टोल भरून. तिघं असतील तर खास टॅग लावून फुकट.