मनोरुग्णाचा विवाह : संमती कोणाची?

‘लग्न लावून द्या, म्हणजे आपोआप सरळ होईल’ हा सल्ला आपल्या रेवदंडा-चौल परिसरात आजही ऐकू येतो. तो देणाऱ्यांत घरातील वडीलधारी मंडळी असतात आणि क्वचित आपले व्यवसायबंधूही असतात. मुलाची किंवा मुलीची सोयरीक ठरत आली की पालक दोन मागण्या घेऊन चिकित्सालयात येतात. ‘विवाहास योग्य’ असा दाखला द्या, ही पहिली. आणि कार्य पार पडेपर्यंत शांत राहील असे काही द्या, ही दुसरी. या दोन्ही मागण्यांबाबत कायद्याची भूमिका काय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ५ मध्ये विवाहाच्या अटी दिल्या आहेत. मनाच्या विकलतेमुळे वैध संमती देण्यास असमर्थ असलेली व्यक्ती, ही त्यातील पहिली बाब. संमती देता येत असली तरी विवाह व अपत्योत्पादन यांस अयोग्य ठरावी अशा प्रकारचा किंवा इतक्या प्रमाणात मनोविकार असणे, ही दुसरी. वेडाचे वारंवार येणारे झटके, ही तिसरी. पूर्वी या तिसऱ्या बाबीत अपस्माराचाही समावेश होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो वगळण्यात आला, तरीही फिट्‌स येणाऱ्या मुलींच्या घरी अद्याप तीच धास्ती असते. विशेष विवाह अधिनियम, १९५४ मधील अटी जवळपास अशाच आहेत. आपल्या शेजारच्या कोर्लईतील ख्रिस्ती कुटुंबांना मात्र वेगळा कायदा लागू होतो, हे ध्यानात असावे.

या अटीचा भंग झाल्यास विवाह आपोआप रद्द होत नाही. तो शून्यकरणीय ठरतो, म्हणजे जोडीदाराने न्यायालयात अर्ज करून तो रद्द करून घ्यावा लागतो. अशा विवाहातील अपत्ये औरसच राहतात.

येथे ‘प्रमाणात’ हा शब्द महत्त्वाचा आहे. चरकाचार्यांनी मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठांच्या विभ्रमास उन्माद म्हटले आहे. त्यांपैकी कशाचा किती विभ्रम झाला आहे, हे पाहिल्याखेरीज वैद्य पुढे जात नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९८८ मध्ये राम नारायण गुप्ता खटल्यात हीच दिशा धरली. स्किझोफ्रेनिया हे निदान एवढ्यावरच घटस्फोट देता येणार नाही, विकाराची तीव्रता सिद्ध झाली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नेही मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून ती व्यक्ती विकल मनाची ठरत नाही, तसे सक्षम न्यायालयानेच ठरवावे लागते, असे स्पष्ट केले आहे. तेव्हा निदानाचे नाव ऐकून ‘लग्न नकोच’ म्हणणे हेही अशास्त्रीयच होय.

बौद्धिक अक्षमतेची गोष्ट निराळी. ती आजार नव्हे. औषधाने उतरणारी नव्हे. मुलगी मतिमंद आहे, म्हणून आईवडिलांनी तिच्या वतीने ‘हो’ म्हणावे, हे आपल्याकडे स्वाभाविक मानले जाते. परंतु राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली नेमलेला पालकही तिच्या वतीने विवाहाची संमती देऊ शकत नाही. ती संमती तिचीच असावी लागते.

ती कशी पाहावी? नातेवाइकांना बाहेर बसवून साध्या शब्दांत विचारावे. नवरा कोण, राहायचे कोठे, लग्नानंतर काय बदलेल, शरीरसंबंध व मूल म्हणजे काय, नको असेल तर नाही म्हणता येते हे ठाऊक आहे का? आठवड्याने पुन्हा हेच विचारावे. उत्तरे केसपेपरवर तिच्याच शब्दांत लिहावीत. आपण दाखला मात्र देऊ नये. २०१७ च्या अधिनियमात मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत मनोविज्ञान व मानसरोग विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर वैद्यांचा समावेश आहे. केवळ बी.ए.एम.एस. पदवी त्यासाठी पुरेशी नाही.

दुसरी मागणी अधिक घातक आहे. कार्याआधी गोळ्या लपविल्या जातात, मग बंद केल्या जातात, आणि जागरण, उपवास व दगदगीत विकार उसळतो. लिथियम चालू असलेल्या रुग्णास ‘शरीरशुद्धी’ म्हणून विरेचन किंवा जोरदार स्वेदन देणे तर धोक्याचेच; शरीरातील पाणी कमी झाले की रक्तातील लिथियम वाढते.

लपवालपवीला पर्याय असतो, हे पुण्याच्या दास्ताने खटल्यात दिसते. १९५६ मधील त्या विवाहापूर्वी मुलीच्या वडिलांनी वरपित्यास पत्रे लिहून, ऊन लागल्याने तिच्या मनावर परिणाम झाला होता व येरवड्याच्या मनोरुग्णालयात उपचार झाले होते, असे कळविले होते. डॉक्टरांकडे चौकशी करा असेही लिहिले होते. पुढे पतीने फसवणुकीचा आरोप केला, तो टिकला नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे छळाचा मुद्दा उरला आणि १९७५ मध्ये अपील फेटाळले गेले. महत्त्वाची बाब दडवून मिळविलेल्या संमतीविरुद्ध मात्र, फसवणूक उघड झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो.

औषधविक्रेत्यांपुढे वेगळाच पेच येतो. सोयरे दुकानात येऊन ‘त्या घरी कसली औषधे जातात?’ असे सहज विचारतात. चिकित्सकांवर गोपनीयतेचे बंधन २०१७ च्या अधिनियमाने घातले आहे, काउंटरवरही तोच दंडक पाळावा. ‘त्यांनाच विचारा’ एवढे उत्तर पुरे. सांगायचे ते रुग्णाने व कुटुंबाने सांगावे, आणि सांगा असा आग्रह आपण जरूर धरावा.

विवाह होऊन गेल्यावर अडचण उद्भवल्यास स्त्रियांना, तसेच मानसिक आजार वा अपंगत्व असलेल्यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार मोफत वकील मिळतो. त्यासाठी अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो.